रत्नागिरी ते विजयदुर्ग शिडाच्या बोटीने, आणि नांगरावरची एक रात्र

वाफसा | रविवार, रात्री ९:४८

आधीच सांगतो, मी कोरेगाव तालुक्यातला, राहायला साताऱ्यात. चाळिशीपर्यंत बोट म्हणजे बामणोलीची लाँच. शिवसागरातून वासोट्याच्या पायथ्याला तासा-दीड तासात सोडते ती. त्यामुळे कोकणातल्या मंडळींनी चुका काढाव्यात, पण जरा हलक्या हाताने.

मुंबईच्या एका मित्राकडे सव्वीस फुटी शिडाची बोट आहे. तीन वर्षं त्याच्यासोबत जाऊन जाऊन थोडंफार शिकलो. या जानेवारीत तो बोट टप्प्याटप्प्याने गोव्याला नेत होता. म्हणाला, रत्नागिरी-विजयदुर्ग टप्प्याला ये, एका दिवसात होतो आणि रात्री थांबायला जागा उत्तम आहे. मी आणि मेहुणा शुक्रवारी संध्याकाळी निघालो. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत रत्नागिरीत पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. कंदी पेढ्यांचा पुडा हातात होता, त्यामुळे उशिराबद्दल कुणी काही बोललं नाही.

अंतर साधारण २७ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, म्हणजे हिशोबाने ५० किलोमीटर. सातारा ते कराड धरा. एसटी जे अंतर तासा-सव्वा तासात तोडते त्याला आम्हाला साडेसात तास लागले.

सकाळी आठला भगवती बंदरातून बाहेर पडलो. वारा जमिनीकडून, हलका आणि गार. खारे वारे आणि मतलई वारे शाळेच्या भूगोलात घोकले होते. रात्री जमीन लवकर निवते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे, दिवसा उलटा. परीक्षेत दोन मार्कांना असायचं. इथे त्या दोन मार्कांवर सगळा दिवस बेतलेला. सकाळच्या मतलईवर पहिला टप्पा, मध्ये वारा पडणार, बाराच्या सुमारास वायव्येचा खारा वारा उठला की त्याच्यावर उरलेला. मित्राचं गणित एवढंच. आणि एक अट: उजेड असताना आत शिरायचं. वारा लागो न लागो, त्या वेळी जिथे असू तिथून इंजिन लावायचं.

दहापर्यंत ठरल्याप्रमाणे झालं. गणेशगुळे, पावस मागे पडलं. कासवाच्या चालीने म्हणावं तर एक कासवही दिसलं, पाण्यावर डोकं काढून आमच्याकडे बघून गेलं. मग वारा पडला.

वारा पडणं म्हणजे शांतता असेल अशी माझी समजूत होती. वारा नसला तरी लाट असतेच, लांबून आलेली, बुटकी, सारखी. शिडात वारा भरलेला असेपर्यंत बोट एका अंगावर रेलून जाते, तिला आधार असतो. वारा गेला की आधार गेला. मग ती पाळण्यासारखी इकडून तिकडे, आणि शीड फटाक फटाक करत दोरांना हिसके देतं. मेहुणा तोपर्यंत व्हिडिओ काढत होता. पूर्णगडाच्या समोर त्याने फोन खिशात ठेवला आणि कठड्याला गेला. त्याचं नाव इथे लिहिणार नाही असं वचन दिलंय. मित्राने त्याला सुकाणूवर बसवलं आणि सांगितलं, लांबच्या डोंगराकडे बघ, बोटीत बघू नकोस. अर्ध्या तासात माणूस शुद्धीवर. सुकाणू धरणाऱ्याला सहसा लागत नाही म्हणे, कारण बोट कुठे कलणार हे अंगाला आधी कळतं. घाटात गाडी चालवणाऱ्याला उलटी होत नाही आणि मागच्या सीटवरच्याला होते, तेच.

सव्वाबाराला वायव्येचा वारा आला. आधी पाण्यावर लांब काळसर पट्टा दिसला, मग तो आमच्यापर्यंत पोचला. उजव्या खांद्यामागून वारा, डावीकडे बाहेर सोडलेलं शीड, साडेचार-पाच नॉटचा, म्हणजे तासाला तेवढ्या सागरी मैलांचा वेग. इंजिन बंद केल्यावर मागच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. हे तीन तास मी कितीही लिहिले तरी कमी, म्हणून लिहीत नाही. डोळे मात्र सारखे जाळ्यांच्या बावट्यांवर. बावटा कुठल्या बाजूने सोडायचा हे कळेपर्यंत तो जवळ आलेला असतो, आणि जाळं पंख्यात अडकलं तर नुकसान आपलंही आणि त्या मच्छीमाराचंही. आंबोळगड गेला, राजापूरच्या खाडीचं तोंड गेलं, जैतापूरचा दिवा गेला, आणि समोर विजयदुर्गाची तटबंदी पाण्यातून वर आल्यासारखी दिसायला लागली.

किल्ला वाघोटण नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, तिन्ही बाजूंनी समुद्र. उत्तरेकडून आलं की किल्ल्याचं टोक उजव्या हाताला ठेवून पूर्वेला वळायचं. वळलो आणि दोन मिनिटांत लाट संपली. दार लोटून घेतल्यावर रस्त्याचा आवाज बंद होतो, तसं. बाहेर वारा तोच होता, पण एवढा मोठा किल्ला आडवा, त्याच्या मागे पाणी तळ्यासारखं. तीनशे वर्षांपूर्वी आंग्र्यांचं आरमार इथे का राहायचं हे बुरूज पाहून नाही, त्या दोन मिनिटांत कळलं.

आता खरी गोष्ट. धाग्याच्या नावात ‘नांगर’ आहे तो त्यामुळेच.

जेट्टीपासून अंतर राखून, मच्छीमार बोटींच्या पलीकडे जागा निवडली. खोली ५ मीटर. नांगर टाकायचं काम माझ्याकडे. मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला गेलो, नांगर सोडला, तळाला लागल्याचं हाताला कळलं, आणि एकूण पंधरा मीटर साखळी सोडून बांधली. मनात म्हटलं पाचाला पंधरा, तिप्पट झाली, रग्गड. मित्राने इंजिन मागे घेतलं. साखळी ताणली गेली आणि तिच्यावर ठेवलेल्या माझ्या हाताला खरखर जाणवली, खडीवरून बैलगाडी जाताना जू थरथरतं तशी. नांगर तळावरून घसटत येत होता. शेजारच्या बोटीवर जाळी आवरत बसलेले एक म्हातारे तांडेल हे बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अरे, साखळी सोड मरे! कित्याक वाचवतंस? घराक न्हेवची आसा काय?"

मित्र मागून हसायला लागला. नांगर वर काढला, पुढे जाऊन पुन्हा टाकला, या वेळी तीस मीटर. पुन्हा इंजिन मागे. साखळी ताणली, एकदा हिसका बसला आणि हाताखाली सगळं गप्प. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागच्या घराचा कोपरा एका रेषेत धरले. पाच मिनिटं रेष हलली नाही.

रात्री फोनवर आबांना सांगितलं. आबांची सगळी हयात औत हाकण्यात गेली. म्हणाले, "आरं, नांगर काय वजनानं बसतुया व्हय? वढीनं बसतुया. वढ आडवी पायजे. वर उचलून वढलास तर फाळ मातीच सोडणार." मी शिकलेला माणूस, तीन वर्षं पुस्तकं वाचलेला. पाण्यातल्या नांगराला आपण नांगर का म्हणतो हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. लांब साखळी तळावर आडवी पडते, ओढ जमिनीलगत येते, फाळ घुसतो. आखूड साखळी नांगराला वर उचलते. एवढंच आहे ते.

मग त्यांनी विचारलं, "आणि बैलं?" म्हटलं, वारा. "बैलं रात्रीत फिरली मंजी?" मी हसण्यावारी नेलं.

पहाटे पावणेतीनला बैलं फिरली.

ते उद्या लिहितो. डोळे मिटायला लागलेत.

शंकेखोर | रविवार, रात्री १०:२६

अहो, हा काय अन्याय. ऐन वेळी मालिकेवाल्यांसारखं थांबलात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दोन शंका. एक, परवानगी वगैरे लागते का? दुसरी, खर्च?

पेठेतली_पाटी | रविवार, रात्री १०:५५

मस्त लिहिलंय. मेहुण्याचं नाव कळलं तर बरं होईल, आमच्या ओळखीतला असावा अशी शंका आहे.

फोटो दिसत नाहीत.

खडपावरचा | सोमवार, सकाळी ६:४०

मी मूळचा देवगडकडचा, नोकरीमुळे मिरजेत. लेख आवडला, चुका हलक्या हाताने काढतो.

साखळी ‘तिप्पट’ कशाच्या? तुम्ही पाण्याच्या खोलीच्या धरलीत. पण साखळी पाण्याच्या पृष्ठापासून सुरू होत नाही, नाळेवरून सुरू होते. नाळ पाण्यापासून मीटरभर उंच. म्हणजे पाच नव्हे, सहा. पंधरा भागिले सहा, अडीचपट. त्यात तुम्ही साडेतीनला पोचलात, तेव्हा भरती पूर्ण व्हायची होती की झालेली? ते नाही लिहिलंत. भरती बाकी असेल तर आणखी पाणी चढणार. शांत जागी सगळी साखळी असेल तर चार-पाचपट, थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट. दोराला वजन नसतं, तो तळावर पडत नाही, म्हणून जास्त.

ते म्हातारे कोण असतील याचा अंदाज आहे. ते सगळ्यांनाच ओरडतात.

वाफसा | सोमवार, सकाळी ८:१५

@खडपावरचा, मान्य, शंभर टक्के. नाळेची उंची मी धरलीच नव्हती. तिथी पौष शुद्ध सप्तमी. भरती सव्वापाचच्या आसपास होती, म्हणजे थोडं पाणी चढायचं बाकी होतं.

@शंकेखोर, बोटीची नोंदणी आणि कागद मित्राकडे, आमची ओळखपत्रं सोबत. निघण्याआधी बंदरात कुठून कुठे, किती माणसं, ते कळवलं. वाटेत सागरी पोलिसांच्या बोटीने थांबवून विचारलं, कागद पाहिले, सोडलं. २००८ नंतर किनाऱ्यावर ही विचारपूस होतेच आणि व्हावीच. दोन नंबर पाठ ठेवावेत: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. वायरलेसवर चॅनल १६. खर्च म्हणाल तर बोट मित्राची, डिझेल दोन-अडीच तासांचं, बांगडे जेट्टीवरचे. पेढ्यांचे पैसे मी धरत नाही.

@पेठेतली_पाटी, फोटो संध्याकाळी. मेहुणा हा धागा वाचतोय.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ११:०२

सव्वापाच हे कुठून काढलंत? वेळापत्रक की तुमच्या मित्राचं ॲप?

वाफसा | सोमवार, सकाळी ११:२०

ॲपमध्ये होतंच, पण मित्र तिथीवरून काढतो आणि ॲपवर ताडून बघतो. तिथीची पाऊणपट. सप्तमी, म्हणजे सात गुणिले पाऊण, सव्वापाच. कोकणातल्या बहुतेक जुन्या माणसांना हे येतं. पंधरवडा बदलला की पुन्हा एकपासून मोजायचं.

खडपावरचा | सोमवार, दुपारी १:३५

बरोबर. ढोबळ असतं, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण होडी काढायला पुरतं. अष्टमीच्या आगेमागे ‘भांग’, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. पुनव-अवसेला ‘उधाण’. आमच्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटरचा फरक, मुंबईत त्याच्या दुपटीच्या घरात. मुंबईत शिकलेला माणूस म्हणूनच आमच्याकडे येऊन निर्धास्त होतो. सप्तमीला आलात हे शहाणपणाचं, ओढ कमी होती.

आयर्विन_पूल | सोमवार, दुपारी ३:१०

आम्ही सांगलीकर पाणी फुटात मोजतो आणि एकाच ठिकाणी मोजतो, ते ठिकाण माझ्या नावात आहे. ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर. तुमचे हे ‘दोन मीटर दिवसातून दोनदा’ वाचून घाम फुटला. म्हणजे कृष्णा रोज सकाळ-संध्याकाळ सहा-सात फूट चढउतार करतेय आणि लोक शांतपणे बांगडे भाजतायत!

विनोद बाजूला. लाइफ जॅकेट घातली होती का, हे लेखात कुठेच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी नाव उलटली, ते आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर नावेचा विषय निघाला की मी आधी हेच विचारतो. राग नसावा.

वाफसा | सोमवार, दुपारी ३:४८

राग कसला. घातली होती, तिघांनीही, रत्नागिरीपासून नांगर बसेपर्यंत. मेहुणा कठड्याला गेला तेव्हा मित्राने आधी त्याच्या जॅकेटचा पट्टा बोटीला अडकवला आणि मग पाठीवरून हात फिरवला. त्या क्रमाबद्दल मला नंतर त्याचा आदर वाटला. लेखात लिहायचं राहिलं हे खरं.

कुंभार्ली_उतार | सोमवार, संध्याकाळी ५:२२

चिपळूणवरून गेलात म्हणून सांगतो. पुलावरून वाशिष्ठी पाहिलीत ना? उन्हाळ्यातसुद्धा तिला पाणी असतं, कारण ते आपलं आहे. कोयनेचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळी-अलोऱ्याकडे पडतं, वीज करून कोळकेवाडीत येतं, पुन्हा वीज करून वाशिष्ठीत, आणि वाशिष्ठी दाभोळला समुद्रात. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. महाबळेश्वरला उगवलेली कोयना अशी कराडला न जाता दाभोळला जाते. सातारकराने पहिला नांगर दाभोळलाच टाकायला हवा होता, हक्काच्या पाण्यात.

खडपावरचा | सोमवार, संध्याकाळी ६:०५

हक्काचं पाणी आहे, पण मुखाशी वाळूचा दांडा आहे. दाभोळला शिरायचं तर भरती बघून, आणि पहिल्यांदा जाताना माहितगार घेऊन. विजयदुर्गाची मजा ही की आत शिरायला तसा दांडा नाही, कुठल्याही पाण्याला आत या. नवख्याला थांबा निवडायचा असेल तर ही गोष्ट किल्ल्यापेक्षा मोठी. दक्षिणेकडून, म्हणजे आमच्या देवगडकडून येणाऱ्याने मात्र किल्ल्याच्या पश्चिमेला लांब राहावं. खडक आहेत, आणि पाण्याखालची भिंत म्हणून जी सांगतात तीही त्याच अंगाला.

बखरवाचक | सोमवार, रात्री ९:१४

साताऱ्याचा समुद्राशी काय संबंध, असा सूर दिसतोय म्हणून. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ कान्होजींना भेटायला गेले आणि त्यांना शाहू महाराजांच्या पक्षात घेऊन आले. त्यानंतर आंग्र्यांची सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, साताऱ्याच्या गादीच्या नावाने चालली. तेव्हा आरमाराचे कागद अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी येत होते. पुढे तुळाजींचं आणि पेशव्यांचं बिनसलं, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्राकडून आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीकडून विजयदुर्ग घेतला. आरमार जळालं ते नेमकं तुम्ही झोपलात त्या पाण्यात. आपलंच आरमार आपण शत्रूच्या हाताने जाळलं, हे माझं मत. यावर वेगळा धागा काढावा, इथे नको.

शंकेखोर | सोमवार, रात्री ९:४०

हेलियमचा शोधही विजयदुर्गावरूनच लागला ना? ग्रहण बघायचे ते ‘साहेबाचे ओटे’?

बखरवाचक | सोमवार, रात्री १०:०३

ओटे आहेत, बघायला जरूर जा. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेषा पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गाला मोठेपणा द्यायला हेलियमची गरज नाही.

वाफसा | सोमवार, रात्री १०:३१

फोटो टाकलेत. उरलेलं लिहितो.

बांगडे झाले, गप्पा झाल्या. डोलकाठीच्या टोकाला पांढरा दिवा लावला. नांगरलेल्या बोटीने रात्री तो लावायचाच असतो, नाहीतर पहाटे निघणाऱ्या मच्छीमाराला आम्ही दिसणार कसे. फोनमध्ये नांगराचा गजर लावला. बोट ठरवलेल्या वर्तुळाबाहेर गेली की फोन ओरडतो. तीस मीटर साखळी, वर आठ मीटरची बोट, म्हणून मी चाळीस मीटर त्रिज्या दिली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

पावणेतीनला फोन कोकलायला लागला. त्याच्याआधी अर्धवट झोपेत साखळीचा आवाज आला होता, लोखंडी दार हळूहळू ओढल्यासारखा. वर आलो तर सगळं उलटं. झोपताना किल्ला पुढे डावीकडे होता, आता मागे उजवीकडे. जी मच्छीमार बोट लांब होती तिच्यावरचं दोरखंडाचं वेटोळं मोजता येईल इतकी जवळ. अंगावर गार वारा, जमिनीकडून. मतलई सुटली होती. आबांची बैलं फिरली होती.

माझ्या डोक्यात एकच: घसटत चाललोय, किल्ल्यावर आपटणार. मित्राला उठवलं. तो आला, इंजिनला हात लावला नाही, साखळीवर पाय ठेवून उभा राहिला. मिनिटभर. मग म्हणाला, "हात लाव." लावला. गप्प. खरखर नाही. जेट्टीवरचा एक दिवा आणि त्यामागच्या टेकाडावरचा दुसरा, दोन्ही रेषेत धरले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलले नाहीत.

नांगर जागचा हलला नव्हता. चूक गजर लावण्यात होती. मी तो बोट उभी होती त्या जागेपासून मोजला होता, नांगर पडला होता त्या जागेपासून नाही. संध्याकाळी वायव्येच्या वाऱ्यात बोट नांगराच्या आग्नेयेला पस्तीसेक मीटरवर होती. पहाटे पूर्वेच्या वाऱ्यात ती नांगराच्या पलीकडे पस्तीस मीटर. आधीच्या जागेपासून साठ-पासष्ट. फोन बिचारा बरोबर ओरडला. खुंट्याला बांधलेलं जनावर खुंट्याभोवती फिरतं, आणि मी जनावर संध्याकाळी उभं होतं ती जागा खुंटा धरून बसलो होतो.

मच्छीमार बोट जवळ दिसण्याचं कारणही तेच. तिची साखळी वेगळी, ती फिरायला वेळ लावत होती, आम्ही हलके म्हणून आधी फिरलो. वीस मिनिटांत तीही फिरली आणि अंतर पुन्हा पहिल्यासारखं झालं. मेहुणा यातल्या कशालाही उठला नाही.

सकाळी चहा पिताना ते तांडेल होडी वल्हवत बाजूने गेले. "रात्री उठल्लास मरे?" एवढंच विचारलं. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे तेही उठले होते.

खडपावरचा | मंगळवार, सकाळी ७:१२

उठणारच. मतलई सुटली की किनाऱ्यावरचा माणूस कूस बदलतो.

खुंट्याची उपमा पटली. नांगर सोडतानाच फोनवर खूण करून ठेवायची, म्हणजे मध्यबिंदू तो. राहिलं तर बोट फिरून विरुद्ध बाजूला गेल्यावर दोन जागांच्या मधला बिंदू घ्या. आणि ओढीची दिशा पूर्ण उलटली की कधीकधी बसलेला नांगर उपटून पुन्हा बसतो. तुमचा कुठल्या प्रकारचा?

वाफसा | मंगळवार, सकाळी ८:०५

नांगराच्याच आकाराचा! एका दांड्याला दोन पाती असलेला फाळ. मित्राने सांगितलं त्याचं इंग्रजी नावही ‘प्लाऊ’ आहे. जी. आय. टेलर या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये काढला. ओढ फिरली तरी मातीतच वळतो, निदान वळावा अशी अपेक्षा. तळ चिखलाचा होता, त्यामुळे वर काढताना फाळाला करडा, गुळगुळीत गाळ चिकटून आला. आबांना त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "वाफसा बरा व्हता."

आयर्विन_पूल | मंगळवार, सकाळी १०:४०

लोखंडी नांगराचा विषय निघाला आणि किर्लोस्करवाडीचं नाव कुणी घेतलं नाही? त्यांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ चा, बेळगावचा, आणि १९१० पासून कारखाना आमच्याकडे. टेलरसाहेब तीस वर्षं उशिरा. लाकडी नांगर वापरणारे शेतकरी आधी घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमिनीत विष उतरतं असा समज होता. चिखलात टाकायला कुणीच दिला नाही एवढंच.

माझ्या आजोबांकडे तो होता. साखळी एक कडी आखूड केली की वर चालायचा, लांब केली की खोल. हे वाचेपर्यंत त्या कडीचा अर्थ माझ्याही डोक्यात आला नव्हता.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १२:१८

अवांतर: ‘नांगरणे’ या एका क्रियापदाने शेत उलथंपालथं होतं आणि बोट जागेवर थांबते. बाकी लेखात ‘घसटत’ फार वेळा आलंय.

पेठेतली_पाटी | मंगळवार, दुपारी २:५०

फोटो दिसले. सुकाणूवरचा तो हिरवा चेहरा बघून ओळख पटली. लग्नात आइसक्रीमच्या काउंटरवर होता तो.

दर्याचा_नवखा | मंगळवार, रात्री ९:३०

उशिरा वाचला. आम्ही कऱ्हाडचे चौघे, एक जाणकार सोबत घेऊन हाच टप्पा करायचा म्हणतोय, माघ शुद्ध त्रयोदशीला. काही वेगळं बघावं लागेल का? की हेच सगळं चालेल?

वाफसा | मंगळवार, रात्री १०:०२

वारा साधारण असाच मिळावा, पण पाणी वेगळं असेल. खडपावरचा, चुकलो तर सांगा. तेरा गुणिले पाऊण, पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाला भरती, चारच्या सुमाराला ओहोटी, रात्री दहाला पुन्हा भरती. आणि पुनवेच्या तोंडावर म्हणून उधाणाकडे. तुम्ही साडेतीन-चारला पोचाल ते पाणी अगदी उतरलेलं असताना. तेव्हा ४ मीटर मोजलंत तर खूश होऊन चारावर साखळी सोडू नका.

खडपावरचा | मंगळवार, रात्री १०:२०

बरोबर सांगितलंत. चारात दोन मिळवा रात्रीचे, एक नाळेचा. सात. पाचपट, पस्तीस. तेवढी साखळी बोटीवर आहे का ते रत्नागिरीतच मोजून घ्या, आणि जेट्टीच्या फार जवळ जाऊ नका, तिथला गाळ ओहोटीला उघडा पडतो. आणि म्हातारे ओरडले तर ऐका.